ते गप्प बसतात तेव्हा त्यांचा आवाज बंद करू नका
स्टुडिओंचे कॉपीराइट विभाग आणि व्हिडिओ साइट चालवणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकी स्टुडिओंमध्ये कॉपीराइटचे हक्क सांभाळणारे अधिकारी
आणि व्हिडिओ साइटवर काय राहील, काय जाईल हे ठरवणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या विज्ञानकथांच्या मालिका आणि सिनेमांची टर उडवणाऱ्या लोकांची बाजू घेऊन हे पत्र लिहितोय. त्यांच्यापैकी कुणी मला वकीलपत्र दिलेलं नाही. मी प्रेक्षक आहे, तुमचाही आणि त्यांचाही. ऐंशीच्या दशकात आमच्या दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं, तेव्हापासून मला या अंतराळयानांचं वेड आहे. पुढे इंटरनेट आलं आणि त्याच यानांची खिल्ली उडवणारी माणसं भेटली. त्यांनी मला पोट धरधरून हसवलंय. पण नुसत्या हसण्यासाठी मी तुम्हाला पत्र लिहिलं नसतं. हसवता हसवता ही माणसं मध्येच थांबतात. मस्करी बाजूला ठेवतात आणि समोरच्या दृश्यात काहीतरी खरं चाललंय याकडे आपलं लक्ष वेधतात. आमचे कीर्तनकार उत्तररंगात श्रोत्यांना खदखदून हसवतात आणि त्याच ओघात डोळ्यांत पाणी आणतात, तसंच हे. त्या क्षणांसाठी मी लिहितोय, कारण तुमची यंत्रणा त्यांच्याच मुळावर आली आहे.

नाव घेऊन सांगतो. चक सोनेनबर्ग हा अमेरिकी माणूस ‘एसएफ डेब्री’ या नावाने अनेक वर्षं रिव्ह्यू करतोय. ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’च्या एकेका भागाची चिरफाड करून त्याने सुरुवात केली. तो स्वतः पडद्यावर दिसत नाही. भागातली दृश्यं चालू असतात आणि त्यांवर त्याचा सपाट, शांत आवाज येत राहतो. त्या मालिकेतल्या यानाच्या कॅप्टन जेनवेला त्याने सत्तेची नशा चढलेली खुनशी बाई करून टाकलं. सात वर्षांत एकदाही बढती न मिळालेल्या हॅरी किमची तर त्याने इतकी थट्टा केली, की आता मूळ मालिका पाहतानाही मला ती आठवते. पण ज्या भागात मालिकेला जमलंय, तिथे तोच माणूस हातचं न राखता दाद देतो. म्हणून तो चिडतो किंवा हळवा होतो तेव्हा आपणही सावरून बसतो.

‘स्टार ट्रेक’च्याच ‘एंटरप्राइझ’ मालिकेतला ‘डिअर डॉक्टर’ हा २००२ सालचा भाग तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. वलाकियन नावाची एक जमात साथीच्या रोगाने मरते आहे. लाखो माणसं गेलीत. मदत मागायला ते अंतराळात निघालेत, आणि त्यांना भेटतं एंटरप्राइझ. यानावरच्या डॉक्टर फ्लॉक्सला कळतं, की रोग आनुवंशिक आहे आणि दोनेक शतकांत ही जमात नामशेष होणार. त्याला उपायही सापडतो. पण त्याच ग्रहावर मेंक नावाची दुसरी जमात राहते. तिची प्रगती होते आहे, तिला निसर्ग पुढे आणतो आहे, मग आपण मध्ये का पडावं, असं म्हणून तो उपाय दिला जात नाही. कॅप्टन आर्चर त्याचं ऐकतो आणि त्रास कमी करणारं औषध तेवढं देऊन यान निघून जातं. मालिका हे सगळं मोठा नैतिक निर्णय म्हणून मांडते.

सोनेनबर्गने या भागाचा केलेला रिव्ह्यू त्याच्या चाहत्यांमध्ये प्रसिद्ध आहे. त्यातही विनोद आहेत. पण निर्णयाचा प्रसंग येतो आणि विनोद बाजूला पडतो. मग मुद्द्यामागून मुद्दा येतो. उत्क्रांतीला कुठे पोहोचायचं नसतं. निसर्गाने कुणाची निवड करून ठेवलेली नसते. आणि हातात उपाय असताना तो न देणं हाही निर्णयच असतो, त्याची जबाबदारी निसर्गावर ढकलता येत नाही. हे सगळं तो आरडाओरडा न करता बोलतो. बोलता बोलता पडद्यावर डॉक्टरचा चेहरा दिसतो, त्याचे स्वतःचे शब्द ऐकू येतात, आणि एका जमातीच्या मरणावर किती शांतपणे बोलणं चाललंय हे लक्षात येऊन अंगावर काटा येतो.

माझी भाची एमबीबीएसला आहे. तिला मी हा रिव्ह्यू दाखवला. पहिली काही मिनिटं ती हसत होती, मग मोबाइल बाजूला ठेवून ताठ बसली. संपल्यावर म्हणाली, “मामा, एटकॉमच्या, म्हणजे वागणूक, नीती आणि संवाद या विषयाच्या तासाला आम्हाला संमतीचे फॉर्म आणि पेशंटशी कसं बोलायचं ते शिकवतात. औषध हातात असताना डॉक्टरनेच ते द्यायचं नाही असं ठरवलं तर काय, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता.” त्या रात्री जेवण लांबलं. ती फ्लॉक्सची बाजू मांडून बघत होती आणि तिची तिलाच ती पटत नव्हती. तुमच्याच एका जुन्या भागावर पुण्यातल्या एका घरात एवढी चर्चा झाली, आणि ती घडवून आणली तुमची टिंगल करणाऱ्या माणसाने.

आता यंत्राकडे येतो. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा २००७ पासून आहे. तुम्ही तुमच्या मालिका त्यात भरून ठेवता आणि कुणी नवा व्हिडिओ चढवला की यंत्र जुळणी करून बघतं. जुळणी सापडली की तुमच्या सूचनेप्रमाणे तो व्हिडिओ अडवला जातो, किंवा त्याच्या जाहिरातींचे पैसे तुमच्याकडे येतात, किंवा तो किती पाहिला गेला याची नोंद तुमच्याकडे जमा होते. चोरी पकडायला हे ठीक आहे. अख्खा सिनेमा कुणी चढवला तर तो काढलाच पाहिजे.

पण विनोदी रिव्ह्यूत होतं काय, ते बघा. विनोद चालू असतो तेव्हा तुकडे छोटे असतात, भराभर बदलतात आणि मूळ आवाजावर रिव्ह्यूवाल्याचं बोलणं असतं. त्याला जेव्हा म्हणायचं असतं, की हे बघा, हे खरोखर चांगलं आहे, तेव्हा तो काय करतो? गप्प बसतो. दृश्य सलग चालू देतो. नटाचा आवाज मध्ये न तोडता आपल्यापर्यंत पोहोचू देतो. यंत्राला जुळणीसाठी यापेक्षा सोयीचं काही असूच शकत नाही. म्हणजे तुमच्या कामाची चेष्टा सहज निसटून जाते, आणि तुमच्या कामाला दिलेली मनापासूनची दाद पकडली जाते. हे तुमच्या ध्यानात आलंय का, हाच माझा पहिला प्रश्न आहे.

‘स्टार ट्रेक’च्याच ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेतला १९९३ चा ‘ड्युएट’ हा भाग घ्या. मेजर किराने आपल्या लोकांवर जुलूम केलेल्या कार्डेशियन जमातीतल्या एका माणसाला पकडलंय. गॅलिटेपच्या छळछावणीचा मुख्य, कसाई म्हणून कुप्रसिद्ध असलेला गुल दारहील तो मीच, असं तो छाती फुगवून सांगतो आणि आपल्या क्रौर्याची फुशारकी मारतो. किरा खणत जाते, तेव्हा कळतं की हा मारित्झा, त्या छावणीतला साधा फायली सांभाळणारा कारकून. रोज रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कान झाकून घेणारा. आपल्या जमातीने केलेला गुन्हा कुणीतरी कबूल करावा म्हणून तो कसायाचं सोंग घेऊन फाशी जायला आलाय. हॅरिस युलिन या नटाने ही भूमिका केली. एकाच प्रसंगात त्याचा आवाज आधी गर्जतो. मग चिरतो, आणि शेवटी त्यात नुसतं रडणं उरतं.

या भागाबद्दल बोलायचं तर तो आवाज ऐकवावाच लागतो. माझ्या वरच्या वाक्यांनी वाचणाऱ्याला कथानक कळलं असेल, बाकी काही नाही. तुमच्या यंत्रातून निसटावं म्हणून रिव्ह्यू करणारे काय काय करतात, ते मी वर्षानुवर्षं बघतोय. चित्र आरशातल्यासारखं उलटं करतात. चौकट लहान करून कोपऱ्यात ढकलतात. आवाजाची पट्टी चढवतात. चढवलेल्या पट्टीत रडणारा माणूस कसा ऐकू येतो, हे कृपा करून एकदा स्वतः ऐका. नट, लेखक, दिग्दर्शक यांच्या कामाची अशी विटंबना व्हावी असं त्या रिव्ह्यूवाल्याला मुळीच वाटत नसतं. तुमच्या भीतीने त्याला ती करावी लागते. आणि तुम्ही त्या कलाकृतीचे मालक आहात! तुम्हाला याचं सगळ्यात जास्त वाईट वाटायला हवं.

ही माणसं तुमची वैरी आहेत असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. २००९ च्या डिसेंबरात मिलवॉकीच्या रेड लेटर मीडिया या गटाने ‘द फँटम मेनेस’ या ‘स्टार वॉर्स’ सिनेमाचा सत्तर मिनिटांचा रिव्ह्यू केला. तो सादर करणारा प्लिंकेट हा काल्पनिक म्हातारा अगदी किळसवाणा आहे, आणि त्यातले काही विनोद मला आवडतही नाहीत. पण त्यात एक प्रयोग आहे. काही जणांना विचारलंय, की दिसणं, कपडे आणि काम यांचा उल्लेख न करता या पात्राचं वर्णन करा. जुन्या ‘स्टार वॉर्स’मधल्या हान सोलोचं नाव निघालं की माणसं भराभर बोलायला लागतात. या सिनेमातल्या क्वाय-गॉनच्या नावाला तीच माणसं अडखळतात. एका नव्या सिनेमाने त्यांचं काय हिरावून नेलं, ते त्या अडखळण्यात दिसतं. त्यामागची ओढ कळायला भाष्य लागत नाही.

जेनी निकोलसन या अमेरिकी यूट्यूबरचा २०२४ च्या मे महिन्यातला व्हिडिओ मला याहून जास्त लागला. डिस्नीने फ्लोरिडात ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ नावाचं ‘स्टार वॉर्स’ हॉटेल काढलं होतं. दोन रात्री, दोन माणसं, साधारण ४,८०० डॉलर. मार्च २०२२ मध्ये सुरू झालं आणि सप्टेंबर २०२३ अखेर बंद झालं. जेनीने पदरचे पैसे मोजून तिथे मुक्काम केला आणि नंतर त्यावर चार तासांचा व्हिडिओ केला. चार तास ऐकून माणसं कंटाळतील असं तुम्हाला वाटेल. लक्षावधींनी तो पाहिला. त्यात रात्रीच्या जेवणाचा प्रसंग आहे. गाया नावाची परग्रहावरची गायिका गाणार, हा त्या मुक्कामाचा मोठा कार्यक्रम. जेनीला मिळालेल्या जागेवरून समोर दिसतो एक जाडजूड खांब. गाणं चालू आहे आणि तिच्या कॅमेऱ्यात खांब आहे. तिचा चेहरा बघा. लहानपणापासून ज्या विश्वावर माया केली, त्याच्या दारात पैसे देऊन उभं राहावं आणि आतलं काही दिसू नये, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर आहे. ती विनोद करते, तोही चांगला करते. पण मला तेव्हा हसू आलं नाही, आणि तिथे राबणाऱ्या कलाकारांबद्दलही वाईट वाटलं. हा व्हिडिओ कुठल्याही स्टुडिओच्या ग्राहक-सर्वेक्षणापेक्षा जास्त प्रामाणिक आहे. तुमच्या बैठकीत तो लावायला हवा.

यंत्र चुकतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये नासाचं क्युरिऑसिटी यान मंगळावर उतरलं. नासाने स्वतःच्या चॅनेलवर टाकलेली त्याची चित्रफीत एका वृत्तसंस्थेच्या दाव्यामुळे काही काळ अडवली गेली. पुढच्याच महिन्यात शिकागोत ह्यूगो पुरस्कारांचा सोहळा चालू होता. विज्ञानकथेच्या जगात याहून मानाचा सोहळा क्वचितच असेल. ‘डॉक्टर हू’च्या एका भागाला पुरस्कार जाहीर झाला, त्यातली दृश्यं रीतसर परवानगीने दाखवली गेली, आणि लेखक आभार मानायला उभा राहिल्यावर थेट प्रक्षेपणच बंद पडलं. यंत्राला ती दृश्यं चोरीची वाटली होती. जगभरातून बघणाऱ्यांना ते भाषण ऐकायला मिळालं नाही. २०२० च्या जुलैत तर ‘स्टार ट्रेक’च्या निर्मात्यांचाच कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यातला कार्यक्रम यूट्यूबवर अडवला गेला, त्यांच्याच कंपनीच्या नावाने. त्या प्रत्येक वेळी कुणीतरी मोठं माणूस फोन उचलू शकलं, चूक दुरुस्त झाली किंवा निदान जाहीर माफी तरी मागितली गेली. घरातल्या एका खोलीत बसून रिव्ह्यू करणाऱ्याने कुणाला फोन करायचा?

त्याला हरकत घेता येते, हे मला ठाऊक आहे. पण हरकत घेतली की दावा करणाऱ्याला उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात. नवा व्हिडिओ पाहिला जातो तो पहिल्या आठवड्यात. महिन्याने न्याय मिळून उपयोग काय? शिवाय नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याचे ठपके, पडले तर अख्खं चॅनेल जाऊ शकतं. ही टांगती तलवार डोक्यावर असताना माणूस आधी धोक्याची जागा सोडून देतो. ती जागा म्हणजे तेच सलग चाललेलं दृश्य, ज्यावर त्याला गप्प बसायचं होतं.

कायदा तुम्हाला शिकवायची माझी इच्छा नाही, पण आठवण करून देतो. तुमच्या देशातला १९७६ चा कॉपीराइट कायदा टीकेसाठी केलेल्या वापराला फेअर यूज, म्हणजे न्याय्य वापर, म्हणून जागा देतो. एका आईने आपल्या लहानग्या बाळाच्या नाचाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला, मागे गाणं वाजत होतं म्हणून तो काढायला लावला गेला. त्या खटल्यात २०१५ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की व्हिडिओ काढायची नोटीस पाठवण्याआधी हक्कदाराने फेअर यूजचा विचार केलाच पाहिजे. २०१७ साली न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयाने एका विनोदी टीकेच्या व्हिडिओतला तुकड्यातुकड्याने केलेला वापर न्याय्य ठरवला. आमच्याकडे भारतातही १९५७ च्या कायद्यातलं कलम ५२ टीका आणि समीक्षेसाठी सूट देतं. म्हणून आमच्या मराठी मुलामुलींनी सिनेमांचे रिव्ह्यू करताना छोटा तुकडा वापरला तर तो गुन्हा ठरत नाही. पण जुळणी करणारं यंत्र कलम वाचत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती व्हिडिओ साइट चालवणाऱ्यांसाठी. ‘ब्लिप’ नावाची साइट आठवत असेल. सोनेनबर्गसह अशा कित्येकांचं काम तिथे होतं. २० ऑगस्ट २०१५ ला ती बंद झाली. ज्यांना आपले व्हिडिओ उचलून दुसरीकडे नेता आले त्यांनी नेले. काही लोक तोवर हे काम सोडून दुसऱ्या नोकऱ्यांत गेले होते, त्यांचं गेलं ते गेलंच. जुन्या पानांवर अजून काळ्या चौकटी दिसतात, खाली चाहत्यांनी लिहिलेलं असतं, ‘या भागाला मी रडलो होतो’, आणि वर काहीच नसतं. साइट बंद करणं हा धंद्याचा निर्णय आहे, तो तुम्ही घ्याल. पण बंद करण्याआधी सगळं काम एखाद्या संग्रहालयाच्या किंवा ग्रंथालयाच्या स्वाधीन करण्याची तरतूद कराराच्या कागदावर असायला हवी. जुन्या नियतकालिकांतली नाट्यपरीक्षणं जपली गेली म्हणूनच आज आम्हाला शंभर वर्षांपूर्वीच्या संगीत नाटकांबद्दल काही कळतं. तुमच्या मालिकांना प्रेक्षकांनी कसं घेतलं, कुठे ते हसले आणि कुठे गहिवरले, हे पुढच्या पिढीला या रिव्ह्यूंमधून कळणार आहे.

माझं मागणं मोठं नाही. हक्कदाराने ठरवलं तर एखाद्या चॅनेलला दाव्यांतून सूट देता येते, ही सोय तुमच्या यंत्रणेत आधीपासून आहे. तुम्ही ती तुमच्या भागीदारांसाठी वापरता. तीच यादी समीक्षकांसाठी उघडा. जो माणूस वर्षानुवर्षं तुमच्या मालिकांवर बोलतोय, ज्याच्या व्हिडिओत त्याचं स्वतःचं बोलणं भरपूर आहे, त्याचं नाव त्यात घाला, तो तुमची कितीही टर उडवत असला तरी. ज्यांची नावं यादीत नसतील, त्यांच्या बाबतीत व्हिडिओ अडवण्याआधी एका माणसाने तो पाहावा. अख्खा नाही तरी दाव्याच्या जागेच्या मागची-पुढची पाच मिनिटं. आणि दावा टिकवायचा असेल तर कारण साध्या भाषेत कळवावं, ‘जुळणी सापडली’ एवढ्यावर बोळवण करू नये. तीस दिवसांच्या जागी सात दिवस करा. तुमच्याकडे वकील आहेत, त्या बिचाऱ्याकडे कुणी नाही. वाट पाहणं तुम्हाला परवडतं, त्याला परवडत नाही.

सुरुवात ‘स्टार ट्रेक’पासून करा असं सुचवतो. त्याच्या हक्कांची मालकी एका हाताखाली आहे, चाहते संघटित आहेत, आणि चांगले रिव्ह्यू करणारे कोण, हे तुमच्याच प्रसिद्धी विभागातल्या कुणालाही तोंडपाठ असेल. यादी कधी लागू करणार आणि तिच्यात नाव घालायचं असेल तर अर्ज कुठे करायचा, एवढं जाहीर कळवावं, ही विनंती.

आपला,
एक जुना प्रेक्षक
पुणे